मेंदूत वीज नेमकी कुठे पोहोचते? इलेक्ट्रोडच्या जागेमागचे गणित

डोक्यावर दोन पॅड लावून त्यांतून अगदी सौम्य वीज सोडायची आणि नैराश्यावर उपचार करायचा, या पद्धतीविषयीच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सतत येत आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. २०२३ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात जर्मनीतील एका चाचणीचे निष्कर्ष आले. आधीपासून औषध घेणाऱ्या १६० रुग्णांचा त्यात समावेश होता आणि खऱ्या उपचाराचा परिणाम खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. पुढच्याच वर्षी 'नेचर मेडिसिन'मध्ये १७४ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात लोकांनी घरी, दूरस्थ देखरेखीखाली, दहा आठवडे हाच प्रकार केला आणि खरी वीज मिळालेल्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली. दोन्हीकडे पॅड कपाळाच्या वरच्या भागात डाव्या आणि उजव्या बाजूला होते आणि दोन्हीकडे प्रवाह २ मिलिअँपिअर होता.

या विसंगतीला अनेक कारणे आहेत. रुग्ण वेगळे होते, सोबतची औषधे वेगळी होती, उपचाराचा कालावधी वेगळा होता. परंतु एक प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी आहे आणि बातम्यांत तो क्वचितच येतो. यंत्रावर २ मिलिअँपिअर असे लिहिलेले असले, तरी त्यांतले किती, मेंदूच्या कोणत्या भागात आणि कोणत्या दिशेने पोहोचले? याचे उत्तर मुख्यतः इलेक्ट्रोड कुठे ठेवले आणि ते कोणाच्या डोक्यावर ठेवले यावर ठरते.

हे तंत्र करते तरी काय?

या तंत्राला ट्रान्सक्रॅनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, थोडक्यात टीडीसीएस, म्हणतात. कवटी न उघडता, त्वचेवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमधून साधारण १ ते २ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह वीस-तीस मिनिटे सोडला जातो. ज्या इलेक्ट्रोडमधून प्रवाह शरीरात शिरतो ते धनाग्र आणि ज्यातून बाहेर पडतो ते ऋणाग्र. मानसोपचारात भूल देऊन दिल्या जाणाऱ्या विजेच्या झटक्यांशी याची गल्लत करू नये. त्या उपचारात प्रवाहाचे स्पंद सुमारे ८०० ते ९०० मिलिअँपिअरचे असतात आणि हेतुपुरस्सर आकडी आणली जाते. येथे प्रवाह त्याच्या चारशेव्या भागाइतका असतो आणि माणूस जागा, बोलता असतो.

इतकी कमी वीज चेतापेशीला पेटवू शकत नाही. तिने संदेश सोडावा यासाठी तिच्या आतील विद्युतदाब साधारण १५ मिलिव्होल्टने बदलावा लागतो. टीडीसीएसमुळे होणारा बदल मिलिव्होल्टच्या एका अंशाइतकाच असतो. म्हणून हे तंत्र पेशींना आज्ञा देत नाही, जे चालले आहे त्याला किंचित कल देते. आधीच संदेश सोडण्याच्या बेतात असलेली पेशी थोडी लवकर किंवा थोडी उशिरा संदेश सोडते आणि हा कल वीस मिनिटे टिकला, तर पेशींमधील जोडण्यांवर त्याचा ठसा उमटू शकतो.

आधुनिक संशोधनाला वेग आला तो २००० मध्ये. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी ३५ चौरस सेंटिमीटरचा एक ओला स्पंज हाताच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या मेंदूच्या भागावर आणि दुसरा विरुद्ध बाजूच्या भुवईवर ठेवला. नंतर चुंबकीय स्पंद देऊन हाताचा स्नायू किती प्रतिसाद देतो हे मोजले. धनाग्र त्या भागावर असताना प्रतिसाद वाढला, ऋणाग्र असताना घटला आणि हा फरक ४० टक्क्यांपर्यंत होता. या मांडणीची इतकी सवय झाली, की पुढे अनेक वर्षे इलेक्ट्रोड ठेवण्याचा नियम म्हणजे 'जो भाग हवा त्याच्या वर एक पॅड आणि दुसरा कुठेतरी लांब' असाच राहिला.

पॅडच्या बरोबर खालीच वीज जात नाही का?

नाही, आणि संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली येथेच आहे. पावसाळ्यात छत गळू लागले, की पाणी खोलीत जिथे ठिबकते त्याच्या बरोबर वर भेग सापडेलच असे नसते. पाणी स्लॅबवर पसरते, आतून वाट काढते आणि जिथे मार्ग सोपा असेल तिथे उतरते. वीजही डोक्यात अशीच वाट काढते.

टाळूची त्वचा वीज बऱ्यापैकी वाहून नेते, कवटीचे हाड फारच कमी. संगणकीय प्रतिकृतींत सामान्यतः त्वचेची वाहकता दर मीटरला ०.४६५ सीमेन्स आणि कवटीची सुमारे ०.०१ धरली जाते, म्हणजे त्वचा हाडाच्या चाळीस पटींहून अधिक सुवाहक. त्यामुळे प्रवाहाचा मोठा हिस्सा हाडात शिरतच नाही. तो त्वचेतूनच एका पॅडकडून दुसऱ्याकडे निघून जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांच्या डोक्यात प्रत्यक्ष मोजमाप केले गेले, तेव्हा त्वचा, मऊ ऊती आणि कवटी मिळून सुमारे तीन-चतुर्थांश प्रवाह रोखतात किंवा वळवतात असे आढळले.

जो प्रवाह कवटी ओलांडतो त्याच्यासमोर दुसरी आडवाट असते. मेंदूभोवती मस्तिष्क-मेरू द्रवाचा पातळ थर आहे. मेंदूच्या करड्या भागापेक्षा, म्हणजे ज्यात पेशींची मुख्य वस्ती आहे त्या बाहेरील थरापेक्षा, हा द्रव सुमारे सहा पट सुवाहक आहे. वीज त्यात पसरते आणि काही ठिकाणी मेंदूत उतरते. वयोमानाने मेंदू आक्रसला, की हा थर जाड होतो आणि मेंदूत पोहोचणारी वीज बदलते. मुख्यतः तरुणांवरील प्रयोगांतून ठरलेली मात्रा वृद्ध रुग्णांना जशीच्या तशी लावणे मला म्हणूनच चिंताजनक वाटते.

परिणाम असा, की हाताच्या भागावर एक आणि कपाळावर दुसरा मोठा स्पंज ठेवला, तर मेंदूतील सर्वांत तीव्र विद्युतक्षेत्र बहुधा दोन पॅडच्या मधल्या पट्ट्यात, पुढच्या भागात निर्माण होते. विद्युतक्षेत्र म्हणजे एखाद्या बिंदूपाशी वीज किती जोराने आणि कोणत्या दिशेने ढकलते याचे माप. शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवले होते अशा अपस्माराच्या रुग्णांत ते मोजले गेले आहे. २ मिलिअँपिअरला कमाल सुमारे ०.८ व्होल्ट प्रति मीटर, आणि बहुतेक ठिकाणी त्याहून बरेच कमी.

किती, याच्या इतकीच कोणत्या दिशेने, हीही बाब महत्त्वाची

मेंदूच्या बाह्य थरातील मोठ्या चेतापेशी लांबट असतात आणि पृष्ठभागाला काटकोनात, एकमेकींना समांतर उभ्या असतात. पेशीच्या लांबीच्या दिशेने क्षेत्र गेले, तर तिच्या एका टोकाचा दाब वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो, आणि तिचा कल बदलतो. आडवे गेले, तर मुख्य पेशीकायेवर परिणाम फारच कमी होतो.

आता हा थर सपाट असता, तर काम सोपे होते. पण तो घड्यांनी भरलेला आहे. एकाच खोबणीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींवरील पेशी विरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या असतात. त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाणारा एकच प्रवाह एका भिंतीवरील पेशींना चेतवतो आणि समोरच्या भिंतीवरील पेशींना दडपतो. 'धनाग्र चेतवते, ऋणाग्र शांत करते' हे लोकप्रिय वाक्य येथे कोलमडते. इलेक्ट्रोडची जागा ठरवताना लक्ष्य म्हणून केवळ ठिकाण सांगून भागत नाही, तिथे क्षेत्राची दिशा कोणती हवी हेही सांगावे लागते.

मग योग्य जागा शोधतात कशी?

आधी डोक्याचा एमआरआय काढतात. त्यावरून संगणक त्वचा, हाड, द्रव, करडा भाग आणि पांढरा भाग वेगळे करतो आणि संपूर्ण डोके लाखो छोट्या चौफलकांत विभागतो. प्रत्येक तुकड्याला त्याची वाहकता दिली, की अमुक इलेक्ट्रोडमधून १ मिलिअँपिअर सोडल्यास मेंदूच्या प्रत्येक बिंदूवर क्षेत्र किती येईल, हे गणिताने काढता येते. सिमनिब्स आणि रोस्ट ही अशी गणना करणारी दोन मोफत सॉफ्टवेअर संशोधकांमध्ये प्रचलित आहेत.

या गणिताला एक मोठी सवलत मिळते. इतक्या सौम्य प्रवाहाला डोके सरळ बेरजेच्या नियमाने वागते. प्रवाह दुप्पट केला तर क्षेत्र दुप्पट होते, आणि दोन इलेक्ट्रोडचा एकत्रित परिणाम म्हणजे दोघांच्या स्वतंत्र परिणामांची बेरीज. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रोडचा परिणाम एकदाच काढून तक्त्यात ठेवला, की पुढच्या हजारो मांडण्या केवळ गुणाकार-बेरजेने तपासता येतात.

एक छोटे उदाहरण घेऊ. त्यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. डोक्यावर अ आणि ब असे दोन इलेक्ट्रोड आहेत आणि प्रवाह परत घेणारा ग लांब आहे. अ मधून १ मिलिअँपिअर सोडला तर लक्ष्यावर ०.२० आणि शेजारच्या नको असलेल्या भागावर ०.१५ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र येते. ब मधून तितकाच सोडला तर लक्ष्यावर ०.०५ आणि शेजारी ०.१५ येते. दिशा सगळीकडे एकच धरू. फक्त अ वापरला तर लक्ष्याला ०.२० मिळतात, पण शेजाऱ्यालाही ०.१५ मिळतात. आता अ मधून १ सोडून ब मधून अर्धा मिलिअँपिअर परत घेतला आणि उरलेला अर्धा ग मधून घेतला, तर लक्ष्यावर ०.१७५ आणि शेजारी ०.०७५ राहतात. ब मधून पूर्ण १ परत घेतला, तर शेजारी शून्य येते आणि लक्ष्यावर ०.१५ उरतात. शेजाऱ्याला पूर्ण वाचवण्यासाठी लक्ष्यावरील पाव तीव्रता सोडून द्यावी लागली.

इलेक्ट्रोड बसवण्यासाठी डोक्यावर घालतात त्या खऱ्या टोपीत अशी ६४ किंवा त्याहून अधिक ठिकाणे असतात आणि मेंदूत हजारो बिंदू तपासायचे असतात, पण तत्त्व हेच राहते. वर काही बंधने असतात. आत गेलेला प्रवाह तितकाच बाहेर आला पाहिजे, एकूण प्रवाह ठरलेल्या मर्यादेत हवा आणि कोणत्याही एका इलेक्ट्रोडवर त्वचेला सोसणार नाही इतका भार पडता कामा नये. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील जेसेक दमोखोव्स्की, लुकास पारा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा प्रश्न अशाच बंधनांसह गणिती रूपात मांडला आणि रूढ मोठ्या पॅडपेक्षा लक्ष्यावर अधिक नेमकी किंवा अधिक तीव्र मांडणी मिळते हे प्रतिकृतींत दाखवले.

'नेमकी' आणि 'तीव्र' दोन्ही एकदम का मिळत नाही?

अ-ब-ग च्या उदाहरणात दिसले तेच कारण. आजूबाजूचे क्षेत्र खोडण्यासाठी वापरलेला उलटा प्रवाह लक्ष्यावरचेही थोडे खोडतो. एकूण प्रवाहाची मर्यादा सोडून दुसरे कोणतेच बंधन नसेल आणि हवी ती दिशा ठरलेली असेल, तर लक्ष्यावर सर्वाधिक तीव्रता देणारी मांडणी केवळ दोन इलेक्ट्रोडची निघते, एक आत नेणारा आणि एक बाहेर काढणारा. मात्र त्यांची जागा बहुधा लक्ष्याच्या बरोबर वर नसते, लक्ष्य त्यांच्या मध्ये येते. उलट नेमकेपणा हवा असेल, तर प्रवाह अनेक इलेक्ट्रोडांत वाटावा लागतो.

नेमकेपणासाठी सर्वांत प्रसिद्ध झालेली मांडणी म्हणजे मध्ये एक छोटा इलेक्ट्रोड आणि त्याभोवती कड्याप्रमाणे चार. अभिषेक दत्ता, मारोम बिक्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मधल्यातून २ मिलिअँपिअर आत गेले, तर प्रत्येक भोवतालच्यातून अर्धा परत येतो आणि परिणाम साधारण त्या कड्याच्या आत राहतो. मात्र इलेक्ट्रोड जवळ आले, की त्वचेतूनच निसटणारा हिस्सा वाढतो आणि मेंदूतील क्षेत्र दुबळे होते. कडे मोठे केले तर उलट घडते.

यातला कोणता पर्याय निवडायचा हे गणित सांगत नाही. लक्ष्य किती निश्चित आहे यावर ते ठरते. हाताच्या हालचालीचा भाग प्रत्येक माणसात शोधून दाखवता येतो, तेव्हा नेमकेपणाला अर्थ असतो. नैराश्यात मात्र ज्याला लक्ष्य म्हणतात तो डाव्या पुढच्या मेंदूचा बराच विस्तृत प्रदेश आहे. तिथे अतिनेमकी मांडणी चुकीच्या बिंदूवर अचूक नेम धरण्याचा धोका पत्करते. माझ्या मते अशा आजारांत तीव्रता आणि दिशा यांना प्राधान्य देणे अधिक शहाणपणाचे आहे.

मेंदूच्या खोल भागांपर्यंत हे पोहोचेल का?

स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पससारखे भाग मेंदूत खोल आहेत. तिथे पोहोचण्याआड भौतिकशास्त्र येते. एकसारख्या वाहकतेच्या भागात क्षेत्राची सर्वोच्च तीव्रता नेहमी त्या भागाच्या सीमेवर येते, आत कधीच नाही. खरे डोके एकसारखे नसल्यामुळे द्रवाने भरलेल्या पोकळ्यांजवळ स्थानिक उंचवटे मिळतात, पण इलेक्ट्रोड कितीही वापरले तरी वरच्या भागाला स्पर्श न करता खोलवर जोर देणे या साध्या मार्गाने जमत नाही.

यावर एक कल्पक वाट निघाली. २०१७ मध्ये एमआयटीतील निर गॉसमन, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या डोक्यावर इलेक्ट्रोडच्या दोन जोड्या लावल्या आणि एकीतून सेकंदाला २००० आवर्तनांचा, तर दुसरीतून २०१० आवर्तनांचा प्रवाह सोडला. चेतापेशी इतक्या वेगवान बदलाला फारसा प्रतिसाद देत नाहीत. पण दोन्ही क्षेत्रे जिथे तुल्यबळ असतात तिथे त्यांच्या मिश्रणाची तीव्रता सेकंदाला दहा वेळा चढते-उतरते, आणि या संथ चढउताराला पेशी दाद देतात. ही तुल्यबळाची जागा खोल असू शकते आणि दोन्ही प्रवाहांचे प्रमाण बदलून, इलेक्ट्रोड न हलवता, ती सरकवता येते. २०२३ मध्ये माणसांवरील दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, एक हिप्पोकॅम्पसवर आणि दुसरा स्ट्रायटम या हालचाल शिकण्याशी संबंधित भागावर. माणसाचे डोके मात्र उंदराच्या डोक्याच्या कित्येक पट मोठे आहे, आणि तितक्या खोलीवर मिळणारे क्षेत्र फार क्षीण राहते. म्हणून इथे इलेक्ट्रोडच्या जागांची निवड अधिकच निर्णायक ठरते.

प्रवाहच वाढवला तर?

वाढवता येतो, पण एका हद्दीपर्यंत. ४० मिनिटांपर्यंतच्या आणि ४ मिलिअँपिअरपर्यंतच्या ३३,००० हून अधिक सत्रांचा आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला, त्यात रूढ पद्धतीने केलेल्या वापरातून गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. अडचण प्रामुख्याने त्वचेची आहे. मुंग्या, खाज, आणि स्पंज कोरडा पडला किंवा कडेला नीट टेकला नाही तर भाजण्याचा धोका. शिवाय प्रवाह वाढवल्याने नको त्या भागालाही त्याच प्रमाणात अधिक वीज मिळते. चुकीच्या जागी ठेवलेला इलेक्ट्रोड दुप्पट प्रवाहाने दुप्पट चुकतो.

प्रत्येकाचा एमआरआय काढावाच लागेल का?

समान प्रवाह आणि समान जागा असूनही, कवटीची जाडी, द्रवाचा थर आणि घड्यांची ठेवण यांमुळे दोन निरोगी माणसांच्या मेंदूतील क्षेत्रात दुपटीचा फरक पडू शकतो, असे प्रतिकृतींतून वारंवार दिसले आहे. त्या दृष्टीने एमआरआय हवाच. पण तो सर्वांना परवडत नाही आणि सर्वत्र मिळत नाही. मधला मार्ग म्हणजे अनेक डोक्यांच्या प्रतिकृतींवर एकाच वेळी चांगली चालणारी एक मांडणी शोधणे. ती कोणाहीसाठी सर्वोत्तम नसते, पण फार कमी जणांसाठी वाईट ठरते. मोठ्या चाचण्यांसाठी हा पर्याय मला व्यवहार्य वाटतो.

त्याआधी मात्र हाताने केलेले काम चोख हवे, कारण सगळे गणित शेवटी मोजपट्टीवर येऊन टेकते. इलेक्ट्रोडच्या जागा १०-२० पद्धतीने मोजतात. ती १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवण्यासाठी मांडली. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत पट्टी धरायची, मध्यबिंदूवर खूण करायची, मग एका कानाच्या पुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत तेच करायचे. दोन्ही रेषा जुळतात तो माथ्याचा बिंदू. कानापासून कानापर्यंत ३६ सेंटिमीटर भरले, तर माथ्यापासून डावीकडे २० टक्के म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर सी-३ येतो, आणि उजव्या हाताच्या हालचालीचा भाग साधारण त्याखाली असतो. त्यानंतर केस भांग पाडावा तसे बाजूला करायचे, त्वचा पुसायची, बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरायचे आणि यंत्रावर विद्युतरोध खाली येतो का ते पाहायचे. स्पंजमध्ये मीठपाणी जास्त झाले, तर ते ओघळून केसांत पसरते आणि इलेक्ट्रोडचा आकार प्रत्यक्षात मोठा होतो. पट्टा ढिला असेल तर वीस मिनिटांत पॅड सरकतो, आणि एक सेंटिमीटरचे सरकणेही मेंदूतील क्षेत्राचा नकाशा लक्षणीय बदलते, हे अभ्यासांत दिसले आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेली मांडणी अशा वेळी कागदावरच राहते.

रुग्णांना याचा फायदा सिद्ध झाला आहे का?

गणिताने काढलेली मांडणी प्रतिकृतीत सरस असते, यात शंका नाही, आणि मेंदूच्या आत केलेल्या मोजमापांशी प्रतिकृतींचा नकाशा बऱ्यापैकी जुळतो. पण क्षेत्र वाढले म्हणजे आजार कमी झाला असे होत नाही. वैयक्तिक मांडणी आणि सरसकट मांडणी यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांखेरीज हा दावा टिकणार नाही. सध्याच्या चाचण्यांत निष्कर्षासोबत यंत्राचा प्रवाह छापला जातो. प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या लक्ष्यावर किती आणि कोणत्या दिशेचे क्षेत्र पोहोचले असावे, याचा अंदाज छापला गेला, तर कोणाला फायदा झाला आणि कोणाला झाला नाही हे निदान या एका बाबीशी ताडून पाहता येईल. ज्यांचे एमआरआय आधीच काढलेले आहेत अशा जुन्या चाचण्यांबाबत हे आजही शक्य आहे, आणि त्यासाठी एकाही रुग्णाच्या डोक्यावर नव्याने इलेक्ट्रोड लावावा लागत नाही.